वेबसाइटसाठी सीएमएस निवडताना या चुका टाळा

नागपुरात इतवारीतलं कापडाचं दुकान असो की धरमपेठेतला कोचिंग क्लास, प्रश्न एकच येतो : "वर्डप्रेस घ्यावं की विक्स?" ही दोन्ही सीएमएस, म्हणजे साइटवरचा मजकूर आणि फोटो कोड न लिहिता बदलायची सॉफ्टवेअरं; ड्रुपल आणि जूमलाही त्यातलीच. निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा. साइट तयार झाल्यावर तिच्यात रोज बदल कोण करणार? दुकानातलीच मुलगी फोटो आणि भाव बदलणार असेल, तर ड्रुपल घेणं ही पहिली चूक. ड्रुपल उत्तमच आहे. अनेक विभाग, अनेक भाषा, कोणाला काय बदलता यावं याचे बारीक नियम, हे सगळं ते फार चांगलं सांभाळतं. पण त्याला जाणकार माणूस कायम लागतो. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने बांधणं. जूमलालाही शिकायला वेळ द्यावा लागतो.

विक्सवर साइट लवकर उभी राहते. मात्र ती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही, हे पैसे भरण्याआधी समजून घ्या. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आणि स्वतःच्या होस्टिंगवर टाकायचं वर्डप्रेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही बरेच जण विसरतात.

आता मराठीचं. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि इंग्रजी तुलना वाचून ते कधीच कळत नाही. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर थेट चिकटवला की पानावर निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात. गूगललाही तो मजकूर मराठी म्हणून सापडत नाही. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदला, मगच टाका.

वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनतो, तेव्हा प्रत्येक अक्षर, काना, मात्रा ९ चिन्हांची होते. मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे साधारण २२ अक्षरं-मात्रांनंतर पत्ता तुटतो, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक लांबलचक टक्क्यांच्या खुणांनी भरलेली दिसते. पान प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन लिपीत, छोटा लिहा. नंतर बदललात तर जुनी लिंक नव्याकडे वळते ना, हे तपासा.

होस्टिंग बदलल्यावर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर डेटाबेसची (जिथे साइटचा मजकूर साठतो त्याची) अक्षरसंच-पद्धत यूटीएफ८एमबी४ (utf8mb4) आहे का ते बघा. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मजकूर गेला. तो फक्त बॅकअपमधूनच परत येतो. म्हणून स्थलांतराआधीचा बॅकअप स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा.

डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग, दोन्ही आपल्याच नावावर आणि आपल्याच ईमेलवर घ्या. साइट बनवणाऱ्याचा ईमेल तिथे राहू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. वर्डप्रेसमध्येही तेच. वर्डप्रेस ५.२ पासून एखाद्या प्लगिनमुळे (साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे) साइट कोसळली, तर दुरुस्तीची लिंक अ‍ॅडमिनच्या ईमेलवर जाते. तो ईमेल काम सोडून पुण्याला गेलेल्या माणसाचा असेल, तर लिंक त्याला मिळते आणि दुकानदार पडद्यावरच्या बिघाडाच्या सूचनेकडे बघत बसतो. अशा वेळी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन सगळी प्लगिन्स ज्यात असतात त्या plugins फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगिन्स बंद पडतात आणि बहुतेक वेळा आत शिरता येतं. आत गेल्यावर प्लगिन्सचं पान एकदा उघडा, मग फोल्डरला जुनं नाव द्या आणि एकेक प्लगिन चालू करून दोषी कोण ते शोधा.