पंखा काढा, वस्ताद ठेवा

परवा एका दोस्ताचा फोन आला, म्हणाला भावा पॉडकास्ट सुरू केलाय पण ऐकताना असं वाटतंय की दोघं हंड्यात बसून बोलायलेत, काय करू सांग. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहून टाकतो. मी काय साउंड इंजिनिअर नाही, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो, नोकरी सांभाळून जुन्या पैलवानांच्या मुलाखती घेतो आणि रात्री बसून एडिट करतो. जे काय शिकलोय ते चुका करून शिकलोय आणि त्यातली एक चूक लई महागात पडली, ती पुढं सांगतो.

सॉफ्टवेअरचं आधी. ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतंय. पैसे भरून घ्यायची सॉफ्टवेअरं भारीच आहेत, पण पहिले दहा एपिसोड तरी त्यांची काही गरज नाही.

रेकॉर्डिंग करतानाच दोन गोष्टी सांभाळल्या की एडिटिंगचं निम्मं काम वाचतं. एक म्हणजे लेव्हल. मोठ्यात मोठा आवाज -१२ डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) आसपास राहू दे, कारण आवाज हळू असला तर वाढवता येतो पण एकदा का तो ० ला धडकून फाटला की ते परत जोडणं जवळपास अशक्य. पैलवान लोक गप्पा रंगल्या की एकदम आवाज चढवतात, तेव्हा जागा ठेवा. दुसरं, बोलणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. कोण खोकायचं नाही, चहाचा कप ठेवायचा नाही. त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड झाली पाहिजे, ती पुढं दोनदा कामाला येते.

दोन फोनवर वेगवेगळं रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला एक जोरात टाळी वाजवा. दोन्ही ट्रॅकवर टाळीचा सुळका दिसतो, तो एकाखाली एक लावला की झालं. शेवटी परत एक टाळी, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभरात आवाज मागंपुढं सरकतो आणि ते शेवटच्या टाळीवर कळतं. आणि पाहुण्यानं व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली तर त्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हॉइस नोट म्हणून बोललेलं असलं की ते आधीच दाबून बारीक केलेलं असतंय, त्यातून नंतर काही निघत नाही.

आता एडिटिंग. सगळ्यात आधी मूळ वेव्ह फाइलची (न दाबलेलं रेकॉर्डिंग) एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तिला हात लावू नका. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण मी एकदा मूळ फाइलवरच सेव्ह करून बसलोय.

पहिला इफेक्ट हाय पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचे जाड आवाज कापणारा, ८० हर्ट्झला. त्याच्या खालचं म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकची घरघर, टेबलाला लागलेला धक्का, माइकवरचं वारं, असलं सगळं जातं. १२० पर्यंत चढवू नका, पुरुषाचा जाड आवाज साधारण १०० च्या आसपासच सुरू होतो, तो कापला की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. लॅपटॉप चार्जरला लावून रेकॉर्ड केलं असेल तर एक बारीक गुंSS ऐकू येईल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ती गुणगुण ५०, १००, १५० अशी पटीत येते. ५० वालं फिल्टरनं जाईल, वरच्या दोघांसाठी नॉच फिल्टर, तो नेमका तेवढाच आकडा कापतो. सगळ्यात सोपं म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून ठेवणं.

मग नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा सलग आवाज कमी करणं, आणि इथंच माझी ती चूक. पहिल्या सिझनला एका वस्तादांची मुलाखत घेतली, वय ऐंशीच्या पुढं, खासबाग मैदानातली एक कुस्ती सांगत होते. उन्हाळा होता, पंखा बंद करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. घरी येऊन ती दहा सेकंदांची शांतता सिलेक्ट केली, गेट नॉइज प्रोफाइल दाबलं, मग पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करून रिडक्शन टाकलं २४ डीबी. पंखा गेला, लई खूश झालो, रात्री दोनला अपलोड करून झोपलो. दुसऱ्या दिवशी वस्तादांच्या नातवाचा फोन, म्हणाला दादा, आजोबा विहिरीत पडून बोलल्यागत का वाटायलेत? हेडफोन लावून ऐकलं तर खरंच, प्रत्येक शब्दाचं शेपूट गुळगुळीत झालेलं, मधेमधे पाण्यात बुडबुडे आल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी बोलताबोलता मांडीवर शड्डू ठोकून दाखवला होता, त्याची ती खोलीभर घुमणारी थाप मी वर आणि नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावून अशी छाटली होती की कुणीतरी वही मिटल्यासारखा आवाज उरला होता.

तेव्हापासून मी ६ डीबीनं सुरुवात करतो, अगदीच वाटलं तर ९, आणि त्याच खिडकीत रेसिड्यू म्हणून पर्याय आहे तो आधी निवडून प्रिव्ह्यू ऐकतो. त्यात जे काढून टाकलं जाणारे तेवढंच ऐकू येतं. नुसता पंखा ऐकू आला तर बरोबर, पण त्यात माणसाचे शब्द पुटपुटल्यासारखे ऐकू आले की समजायचं आपण पंख्याबरोबर माणूससुद्धा काढायलोय. थोडा पंखा राहिला तर राहू दे. ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत त्याची सवय होते, बुडबुड्यांची होत नाही. नॉइज गेट तर मी आता वापरतच नाही.

एक लक्षात घ्या, हे सगळं सलग चालणाऱ्या आवाजासाठी आहे, म्हणजे पंखा, फ्रीज, एसी. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, खालच्या गल्लीत कुत्र्यांचं भांडण, हे असं जात नाही. हॉर्न बोलण्याच्या मधल्या गॅपमध्ये असेल तर तेवढा तुकडा काढा आणि त्या जागी ती सुरुवातीची शांतता कॉपी करून चिकटवा. तिथं सायलेन्स टाकू नका, एकदम खोली गायब झाल्यासारखं वाटतं आणि कान लगेच टवकारतो. हॉर्न शब्दावरच असेल तर ते वाक्य परत बोलायला लावा, किंवा सोडून द्या. आमच्या एका एपिसोडमध्ये गंगावेशच्या दूध कट्ट्याच्या जवळ बसलो होतो, मागं म्हैस हंबरली ती ठेवली तशीच. लोकांनी तिचंच कौतुक केलं.

त्यानंतर कापाकापी. पूर्ण एपिसोड एकदा ऐका, हात न लावता, आणि जिथं काही खटकेल तिथं चालू प्लेबॅकवरच कंट्रोल आणि एम दाबून लेबल टाकत जा. दुसऱ्या फेरीत फक्त लेबलवर जाऊन कापायचं. कापताना झेड दाबलं की सिलेक्शनची टोकं शून्य रेषेवर सरकतात, त्यामुळं जोडावर टिक असा आवाज येत नाही. श्वासाच्या अलीकडं कापा, श्वासाच्या मधे नको, अर्धा श्वास ऐकायला लई विचित्र वाटतो.

काय कापायचं? फोन वाजला, चहा आला, मी प्रश्न विचारताना अडखळलो, तेच वाक्य तीनदा आलं, हे बिनधास्त उडवा. पण प्रत्येक "म्हंजे" आणि "काय म्हणत्यात त्याला" काढत बसू नका. सगळ्या शांतता आपोआप छोट्या करणारा ट्रंकेट सायलेन्स नावाचा इफेक्ट आहे, मी तोपण एकदा मारला. वस्ताद एक वाक्य बोलून थांबतात, आठवतात, मग पुढचं बोलतात, आणि त्या इफेक्टनंतर ते बस चुकायच्या घाईत असल्यासारखे धडाधड बोलायला लागले. रद्द केलं लगेच. आता मी माझे स्वतःचे पॉज कापतो, त्यांचे ठेवतो.

मग कंप्रेसर, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं. ३:१ रेशो, थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज दाबायचा ती पातळी) -१८ डीबीच्या आसपास, एवढ्यात भागतं. दोघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील तर प्रत्येकाला वेगळा लावा.

शेवटी लाउडनेस. पॉडकास्टसाठी -१६ लफ्स (LUFS, एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) धरा, अॅपलची शिफारस तीच आहे. स्पॉटिफाय -१४ धरतं, पण -१६ वाली फाइल तिथंही नीट वाजते. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीच -२३ भरलेलं असतं, ते बदला. ट्रॅक मोनो (एकाच चॅनेलचा) असेल तर ड्युअल मोनोची टिक ठेवा, नाहीतर आकडा चुकतो. त्यावर लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा इफेक्ट, -१.५ डीबीला, कारण एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर येतात.

एक्स्पोर्ट मोनो, ९६ केबीपीएस. ४५ मिनिटांची फाइल साधारण ३२ एमबी होते. नुसत्या बोलण्याला स्टिरिओ कशाला, ऐकणाऱ्याचा डेटाच जातो.

अपलोड करायच्या आधी हेडफोन काढा आणि फाइल फोनच्या स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवा. आमच्यात आई भाकऱ्या थापत असते तेव्हा मी लावतो. ती मधेच "काय म्हणाले रं ते?" म्हणाली की तो मिनिट लिहून घेतो आणि परत लॅपटॉप उघडतो. वस्तादांचा एपिसोडपण मूळ फाइलवरून ६ डीबीनं परत केला, त्यात पंखा आहे, शड्डूपण आहे.