जुनी पद्मिनी आचके देतेय? कार्बोरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी चालता चालता आचके देऊन थांबली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाकडे, जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. या इंजिनावर हात बसलेले फिटर आता शोधावे लागतात, म्हणून घरची गाडी जपणाऱ्याला निदानाची शिस्त स्वतःलाच यायला हवी. पेट्रोल टाकीतून ज्या वाटेने पुढे येतं त्याच वाटेने तपासत यायचं. कार्बोरेटर सर्वांत शेवटी.

ठिणगी न बघता पेट्रोलला दोष देणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला कंडेन्सर तापल्यावर दगा देऊ लागला की गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. पाइपात पेट्रोलची वाफ झाली तरी अगदी हेच होतं. दोन्हींतला फरक गाडी थांबल्याक्षणीच कळतो, अर्ध्या तासाने नाही. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल उघडा. पेट्रोलची बारीक, सरळ धार दिसली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या साठ्यात, पेट्रोल आहे. मग आधी ठिणगीचे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल, बघा. धार आली नाही तर वाटी रिकामी आहे किंवा ही धार सोडणारा ॲक्सिलरेटर पंप गेलाय.

टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप सरळ बदलून टाकणं

त्याआधी टाकीचं झाकण बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि थोडं अंतर गेल्यावर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला.

मग रबरी पाइप. टाकी ते पंप हा भाग ओढण्याचा, त्यामुळे तिथे चीर पडली तरी थेंबही गळेल असं नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत राहतो. हे बाटलीत दिसतं. इंजिन थंड असताना कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा (इंजिनाच्या धातूला टेकवा), कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. दर झटक्याला भरीव धार यायला हवी. धारेत बुडबुडे आले तर हवा पकडतेय. आसपास विडी-सिगारेट, दिवा काही नको, आणि अग्निशामक हाताशी हवाच.

ऑइलची पातळी मोजायच्या डिपस्टिकचा वास घ्यायलाही विसरू नका. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर पंपाचा डायाफ्राम (आतला पडदा) फाटला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातील.

घाटात गरम इंजिनावर पाणी ओतणं

तापलेल्या बीडाला (ओतीव लोखंडाला) तडा जाऊ शकतो. ओलं फडकं फक्त पंपावर आणि पाइपावर ठेवा. तेवढ्याने गाडी सुरू झाली तर दोष उष्णतेचा. मग पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या आणि पंपाखालचं जाड पॅकिंग जागेवर आहे का ते बघा. दुरुस्तीत ते हरवतं आणि इंजिनाची धग थेट पंपात जाते.

जेटमध्ये तार घालणं

जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी पुळी. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत: १२० म्हणजे १.२० मिमी. पितळ मऊ असतं. तारेने ते खरवडलं की आकडा तोच राहतो, पण पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळे पडतात. जेट हवेनेच साफ करा. कार्बोरेटरचे नटही बेताने आवळा. फ्लँज (कार्बोरेटरचा नटांनी आवळलेला तळ) वाकला की खालून हवा शिरते आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं, काही केल्या बसत नाही.

फिल्टर बदलत राहणं

फिल्टर पुन्हा पुन्हा तांबूस चिखलाने भरत असेल तर टाकी आतून गंजली आहे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, जुना मळ सुटा करतं आणि जुन्या रबराला फुगवतं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढताना टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघा. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, पाइप इथेनॉल चालणारेच बसवा आणि मगच नवा फिल्टर लावा.