उन्हाळ्यात घरी रंग देताय? छत सकाळीच उरका
परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि दुपारी स्लॅब चांगलाच तापतो. अशा छतावर रोलर फिरवला की रंग नीट पसरण्याआधीच सुकतो आणि पट्टे उठतात. म्हणून छत आधी, सकाळी लवकर आणि पंखा बंद ठेवून घ्या. मागचा पट्टा ओला असतानाच पुढचा त्याच्यावर थोडा चढवा. चहा पूर्ण छत झाल्यावरच! भिंती नंतर.

जुन्या घरात भिंतीवर हात फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा जुना डिस्टेंपर सुटतोय. त्यावर थेट इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) अजिबात मारू नका, पोपडे निघतील. खरवडा, पॉलिश पेपर मारा, ओल्या फडक्यानं पुसा, भिंत पूर्ण वाळली की प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात.