नागपुरात नवे आहात आणि मूल उशिरा बोलतंय?

2015 च्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून नागपुरात बदलून आलो. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि जेमतेम दहा-बारा शब्द बोलायचा. मिहान (विमानतळालगतचं औद्योगिक क्षेत्र), बँक, रेल्वे, कोळसा खाणी अशा नोकऱ्यांमुळे दर उन्हाळ्यात घाटावरची, कोकणातली कुटुंबं इथे येतात. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी असं मूल असेल तर हे त्यांच्यासाठी.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात तुम्हाला सांगितलं जाईल की भाषांच्या खिचडीमुळे मूल बोलत नाही. खिचडी आहे, हे खरं. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे बाजारात, रिक्षात, सोसायटीत हिंदी सहज चालते. आमच्या घरात साताऱ्याची मराठी, अंगणात ‘काय करून राहिला रे?’, भाजीवाल्याकडे हिंदी आणि शाळेत इंग्रजी. बाईंनी सुचवलं, घरी फक्त इंग्रजी बोला. आम्ही ते आठ महिने केलं. मला इंग्रजीत गोष्ट रंगवून सांगता येत नाही, रागावताही येत नाही. घर गप्प झालं, आणि जो मुलगा फोनवर आजीशी दोन-चार शब्द बोलायचा तो तेवढंही बोलेनासा झाला. त्या आठ महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे स्पीच थेरपिस्टनी समजावलं की दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकास खुंटत नाही. मुळात अडचण असेल तर ती मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसते. मुलाला भरपूर, भरघोस भाषा लागते आणि ती आईबापांना ज्या भाषेत उत्तम येते त्याच भाषेतून मिळते. म्हणून कुणीही सांगितलं तरी घरातली मराठी सोडू नका.

शेजारच्या काकू मायेने म्हणतील, ‘बोलन ना जी पोट्टं, काहून घाई करून राहिले?’ काही मुलं उशिरा बोलतात आणि सावरतातही. पण दोन वर्षांचं मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घेण्यात काहीच गमावत नाही. सगळ्यात आधी कान तपासा. हाकेला वळून बघणाऱ्या मुलालाही काही आवाज नीट ऐकू येत नसतात, कानात द्रव साचल्यानेही असं होतं. मगच थेरपी. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे बिनदिक्कत विचारा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (रिक्षावाल्याला नुसतं ‘मेडिकल’ सांगा), मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं शहरात आहेत. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, हेही नागपुरात आहे.

बोलणं आलं म्हणजे संपलं, असं मला वाटलं होतं. पहिलीत वाचन सुरू झालं आणि नवी अडचण दिसली. देवनागरीत अडखळणारं मूल कसं ओळखायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांची अदलाबदल होते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, इथे हात आणि कान वेगळे पडतात. जोडाक्षर आलं की मूल शब्दच गाळतं. त्यात आपली संख्यानावं! ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, म्हणून मूल 52 लिहितं. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा राज्यभर वाद झाला. माझ्या मुलाला मात्र त्या पायरीनेच 25 आणि 52 मधला फरक कळला. आधी ‘वीस पाच’, मग ‘पंचवीस’. अजूनही लहान मुलांच्या आयांना मी हेच सुचवते.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे पुष्कळ शाळांत इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही येतात. एकाच लिपीत ‘पानी’ आणि ‘पाणी’, ‘कि’ आणि ‘की’. आपल्या मुलांना हे फार जड जातं. शाळा निवडताना तिसरी भाषा कोणत्या इयत्तेत लेखी होते, हे आधी विचारा.

आता कागदपत्रं. दिव्यांग हक्क कायदा 2016 ने 21 प्रकार मानले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली मूळ अडचण) आणि स्वमग्नता आहेत. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी शासकीय रुग्णालयात. मात्र मदतीसाठी आठ वर्षं थांबायचं नसतं. ‘प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असं आम्हाला एका शाळेने सांगितलं आणि आमची दोन वर्षं गेली. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असतात, पालिकेच्या शिक्षण विभागात त्यांची चौकशी करा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांसाठी दिव्यांग मुलं पात्र असतात, पण निवासाचा पुरावा लागतो. म्हणून घर भाड्याने घेताना करार नोंदणीकृतच करा. घरमालक टाळाटाळ करतात, तरी आग्रह सोडू नका.

शेवटची गोष्ट वेळेची. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात येऊन शाळा शोधलीत तर रिकाम्या बाकांशिवाय काही दिसणार नाही. जमलं तर एप्रिलमध्येच एक फेरी मारा. तेव्हा शाळा सकाळची असते. कार्यालयात बसून बोलणं झालं की पहिली-दुसरीचा वर्ग दारातून दहा मिनिटं पाहू द्या, अशी विनंती करा. मागच्या बाकावरचं एखादं मूल अडखळलं की बाई काय करतात, तेवढंच पाहा.