नाकाबंदीत फुंकल्यानंतर: मद्यपी वाहनचालकावरचा खटला आणि बचावाच्या वकिलाचे काम

थर्टी फर्स्टच्या रात्री चौकाचौकांत नाकाबंदी लागते, पोलीस यंत्रात फुंकायला सांगतात, आकडा तीसच्या वर जातो आणि चालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘साहेब, इथेच पावती फाडून मिटत नाही का?’ मिटत नाही. सिग्नल तोडणे किंवा हेल्मेट नसणे यांसारखे गुन्हे जागेवर तडजोड शुल्क भरून संपतात, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये त्यांची नोंद आहे. कलम १८५ म्हणजे मद्यपान करून वाहन चालवणे मात्र त्या यादीत नाही, आणि म्हणून दंड किती व शिक्षा कोणती हे न्यायदंडाधिकारीच ठरवतात. रस्त्यावर कोणी रोख रक्कम घेऊन प्रकरण संपवण्याची तयारी दाखवली, तर तो वेगळाच आणि अधिक गंभीर गुन्हा ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. ती ओलांडून वाहन चालवले किंवा चालवण्याचा नुसता प्रयत्न केला तरी गुन्हा होतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मालक शेजारी बसून आहे आणि गाडी प्यायलेल्या मित्राच्या हातात त्यानेच दिली आहे, अशा प्रसंगी कलम १८८ नुसार चिथावणी किंवा साहाय्य केल्याबद्दल मालकही आरोपी होऊ शकतो.

पकडले गेल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत जे कागद तयार होतात, त्यांवरच पुढचा सगळा खटला उभा राहतो. म्हणून त्या वेळी हुज्जत घालण्यापेक्षा डोळे उघडे ठेवणे उपयोगाचे असते. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा नीट छापला आहे का ते पाहावे व शक्य तर तिचे छायाचित्र घ्यावे. फुंकायला नकार देणे हा शहाणपणा नाही, कारण योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. कलम २०२ खाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर आरोपीला सोडावे लागते. महिलेच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल तर तो एखाद्या महिलेच्या उपस्थितीतच घ्यायचा असतो. अटकेचे कारण समजण्याचा, नातेवाइकाला कळवण्याचा आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिलेला आहे. केवळ कलम १८५ लागले असेल तर गुन्हा जामीनपात्र असतो, त्यामुळे घरच्यांनी हातपाय गाळू नयेत; जामीनदाराची कागदपत्रे घेऊन ठाण्यात पोहोचावे.

वकील ‘केस गायब’ करतो ही समजूत घेऊन जो पक्षकार येतो, त्याची निराशा होते. बचावाच्या वकिलाचे खरे काम फार रुक्ष असते: अटक किती वाजता झाली, डॉक्टरांनी तपासणी किती वाजता केली, यंत्र वापरण्यायोग्य असल्याचा दाखला कुठे आहे, घोट घेतल्यावर लगेचच फुंकायला लावल्याने तोंडात उरलेल्या दारूचाच आकडा आला का, रक्ताच्या बाटलीवर मोहोर कोणाची होती आणि ती न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती, हे सारे तो ओळीने तपासतो. रक्त काढताना सुई टोचण्याची जागा कशाने पुसली हा प्रश्नही क्षुल्लक नसतो. राज्याच्या दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या नियमांत त्यासाठी निर्जंतुक पाणी वापरण्यास सांगितले आहे, कारण दवाखान्यातला नेहमीचा कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवलेला असतो. उलटतपासणीत डॉक्टर ‘आठवत नाही’ म्हणाले, की त्या एका उत्तरावर युक्तिवाद उभा राहू शकतो. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले होते, की तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही.

गुन्हा कबूल करून दंड भरावा की खटला लढवावा, याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नये. कबुलीने एका तारखेत सुटका होते हे खरे, पण ती दोषसिद्धीच असते, पुढच्या वेळी ‘दुसरा गुन्हा’ म्हणून ती मोजली जाते आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तर अटक व दोषसिद्धी दोन्हींबद्दल विचारणा होते. कागद पक्के असतील तर प्रामाणिक वकील कबुलीचाच सल्ला देईल आणि शिक्षेत सौम्यता मागेल. माझ्या मते हा सल्लाही बचावच आहे.

अपघातात जीव गेला असेल तर चित्र पूर्ण बदलते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत, तर कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधासाठी, म्हणजे जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही केलेल्या कृत्यासाठी, त्याहून कितीतरी अधिक शिक्षा आहे, आणि कोणते कलम लागते यावरच जामीन अवलंबून असतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा बळी गेला, त्या खटल्यात सत्र न्यायालयाची सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अशा वेळी दंडाची पावती भरून देणारा नव्हे, तर सत्र न्यायालयात काम केलेला वकील हवा.

लायसन्सचा प्रश्न वेगळ्या टेबलावर सुटतो. पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात. तिथे निलंबनापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. विम्याचेही तसेच. फौजदारी खटल्यात सुटका झाली तरी गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, कारण रक्त तपासणीचा अहवाल नसला तरी परिस्थितीवरून विमा कंपनी मद्यपान दाखवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

‘सुटलात तरच फी द्या’ असे सांगणारा वकील टाळावा. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत वकिलासाठी विचारणा करावी. पहिल्या भेटीला यंत्राची चिठ्ठी, अटकेची माहिती देणारा कागद, डॉक्टरांचा दाखला आणि लायसन्स जप्तीची पावती घेऊन जावे, आणि किती प्यायलो होतो ते खरे सांगावे, कारण पक्षकाराने दिलेली माहिती वकिलाला त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही.