शहापुरी साड्यांचे ऑनलाइन दुकान: नाव, पत्ता आणि सीमा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत साड्या विणणाऱ्या किंवा घाऊक घेऊन विकणाऱ्या कुटुंबांना संकेतस्थळ उभारण्याची धास्ती वाटते ती तंत्रामुळे. वास्तविक तंत्राचा भाग चार-पाच संध्याकाळींत उरकतो. वेळ खातात ती कागदपत्रे, आणि आपल्याकडे त्यांत राज्याच्या सीमेची भर पडते. म्हणून कामाला हात घालावा तो कागदांपासूनच.

1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, परंतु अनेकांच्या जुन्या कागदांवर ‘बेळगाव’च आहे. आमच्या दुकानाचे बँक खाते जुन्या नावाने आणि व्यापार परवाना नव्या नावाने होता. तेवढ्यावरून ग्राहकांचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणाऱ्या एका पेमेंट सेवेने आमचा अर्ज दोनदा परत पाठवला आणि ऐन दिवाळीचे तीन आठवडे वाया गेले. पॅन, बँक खाते आणि परवाना यांवरील दुकानाचे नाव व पत्ता अक्षरशः एक आहेत का, हे आधी जुळवून पाहावे आणि तफावत असल्यास बँकेतली नोंद प्रथम दुरुस्त करून घ्यावी.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरचा पत्ता, घेताना मात्र या नावांच्या वादात पडू नये. दुकानाचे छोटे, फोनवर एकदा सांगितले तरी समोरच्याला लिहिता येईल असे नाव निवडावे आणि ते स्वतःच्याच ईमेलवर नोंदवावे. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्या नावावर डोमेन राहिले, तर पुढे त्याच्या मागे फिरावे लागते. शहराची दोन्ही नावे वस्तूंच्या वर्णनात यावीत, कारण पुण्या-मुंबईचा ग्राहक अजून ‘बेळगाव साडी’ असेच शोधतो.

दुकान मांडण्यासाठी वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीला जोडायचे वू-कॉमर्स किंवा दरमहा शुल्क घेऊन तयार दुकान देणारी शॉपिफाय सेवा, यांपैकी काहीही चालते. वू-कॉमर्स फुकट असले तरी होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या इंटरनेटवरील जागेचे, पैसे आणि देखभालीचा त्रास आपल्या गळ्यात असतो. घरात संगणकाची आवड असलेले कोणी नसेल, तर मासिक शुल्काची वाट बरी.

सर्वांत जास्त कष्ट छायाचित्रांवर घ्यावेत, कारण ऑनलाइन घेतलेली साडी परत येते ती बहुधा रंगामुळे. ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग निळा दिसतो. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी साडी पसरून, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढावा आणि कागद फोटोतही पांढराच दिसतो का ते पाहावे. पूर्ण पदर, काठाचा जवळून घेतलेला तुकडा, उलटी बाजू आणि घडी, असे किमान चार फोटो हवेत. वर्णनात सहावारी की नऊवारी, लांबी किती मीटर, ब्लाउजपीस जोडलेला आहे का आणि धागा सुती, रेशमी की मिश्र, हे स्पष्ट लिहावे. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून मुळीच विकू नये. जाणकार ग्राहक उलटी बाजू पाहूनच ओळखतो.

आता सीमेचा प्रश्न. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात शिनोळी लागते आणि महाराष्ट्र सुरू होतो. आपल्या दृष्टीने ते शेजारचे गाव, पण करखात्याच्या दृष्टीने तेथे पाठवलेली साडी म्हणजे आंतरराज्य विक्री. कर्नाटकातल्या ग्राहकाच्या बिलावर केंद्र व राज्य असे जीएसटीचे दोन भाग पडतात, तर शिनोळी, चंदगड, कोल्हापूरच्या बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) हा एकच कर लागतो. करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला उलाढाल कमी असली तरी सामान्यतः जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे. आपला माल तीत बसतो का, हे करसल्लागाराकडून लेखी घ्यावे. आपला मराठी ग्राहक बहुतांशी सीमेपलीकडचा असल्याने हे काम ‘पुढे बघू’ म्हणून टाळता येत नाही.

पार्सलचे भाडे ठरवताना आकारमानाचे वजनही धरावे. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला 5000 ने भागून किलो काढतात आणि प्रत्यक्ष वजनाशी ताडून जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. 35 × 25 × 6 सेंटिमीटरच्या खोक्यात 600 ग्रॅमची साडी ठेवली, तर भाडे 1.05 किलोचे पडते. तीच साडी 30 × 25 × 4 च्या पाकिटात 600 ग्रॅमचीच राहते.

पेमेंट सेवेचा अर्ज मंजूर होण्यासाठी अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही पाने संकेतस्थळावर आधीच असावी लागतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे, तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि ती महिन्याभरात निकाली काढणेही बंधनकारक आहे. छोट्या दुकानात हा अधिकारी म्हणजे अर्थातच मालक.

दुकान सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी एक खरी ऑर्डर शहरातल्या पत्त्यावर आणि दुसरी चंदगडच्या एखाद्या पाहुण्याकडून मागवावी, दोन्हींचे पैसे खात्यात आल्यावर एकीचा परतावाही करून पाहावा. चंदगडच्या बिलावर कराचे दोन भाग दिसले, तर सेटिंगमध्ये दुकानाचे राज्य चुकले आहे असे समजून ते तेथल्या तेथे दुरुस्त करावे.