विमा नसलेल्या पेशंटला खर्चाचा अंदाज कसा द्यावा

सोलापुरातल्या नर्सिंग होमच्या काउंटरवर एकच प्रश्न मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांत येतो: किती, एष्टु, एंत. उत्तर बहुधा तोंडीच जातं, "साठ-सत्तर हजार धरा." ऐकणारा साठच धरतो, तेवढ्याच हिशेबाने सोनं गहाण टाकतो आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर आवाज चढतो.

आकडा सांगण्याआधी विमा खरंच नाही का, ते बघा. "विमा नाही" म्हणणाऱ्याच्या घरात रेशन कार्ड बहुधा असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत हवं आणि उपचार यादीत हवा. तुमचं रुग्णालय योजनेत नसेल तर तसं स्पष्ट सांगून १५५३८८ हा योजनेचा हेल्पलाइन नंबर लिहून द्या. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कामाला असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड विचारा. हे सगळं ॲडमिशनच्या टेबलावरच विचारायचं. योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, त्यामुळे चौथ्या दिवशी कार्ड सापडून उपयोग होत नाही.

आता आकडा. डॉक्टरांच्या आठवणीवर जाऊ नका. सर्जनला स्वतःची फी पाठ असते, फार्मसीचं बिल नसतं. त्याच ऑपरेशनची, त्याच वॉर्डातली शेवटची दहा बिलं काढा. प्रत्येकात फार्मसी, बाहेरची लॅब, रक्त, बाहेरून आलेल्या भूलतज्ज्ञाची फी मिळवा आणि चढत्या क्रमाने लावा. तिसरं बिल ही खालची रक्कम, आठवं ही वरची. सगळ्यात मोठं बिल फेकून देऊ नका. ते का वाढलं ते वाचा, गरज पडली तरच लागणारा खर्च लिहिताना ते लागणार आहे.

अंदाजाच्या (इस्टिमेटच्या) कागदावर तीन भाग असावेत: ठरलेला खर्च, कमी-जास्त होणारा खर्च, आणि गरज पडली तरच लागणारा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीचं उदाहरण घेऊ (आकडे मांडणीपुरते, दर तुमचे घाला):

ठरलेला: जनरल वॉर्ड १,५०० × ६ दिवस = ९,०००; ओटी (ऑपरेशन थिएटर) १२,०००; सर्जन २५,०००; भूल ८,०००; तपासण्या ६,०००. एकूण ६०,०००.
कमी-जास्त: इम्प्लांट १८,००० ते ३०,०००, औषधं व ओटीचं साहित्य १५,००० ते २०,०००.
म्हणजे ९३,००० ते १,१०,०००.
गरज पडली तर: आयसीयू रोज ६,०००, रक्ताची पिशवी, पिशवीमागे दर.

"औषधं वेगळी" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. या दोन शब्दांनीच सगळ्यात जास्त इस्टिमेट बुडतात.

दुसरी चूक दिवसांची. इस्टिमेटमध्ये दिवस ऑपरेशनपासून मोजले जातात, बिलात ॲडमिशनपासून. आजी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, रक्तातलं सोडियम खाली असेल, टू-डी इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) थांबावं लागलं, तर ऑपरेशनआधीच तीन-चार दिवस जातात. म्हणून चालू गोळ्यांची पिशवी पाहिल्याशिवाय बेडचे दिवस लिहू नयेत. पित्ताशय किंवा गर्भाशय काढलं तर बायोप्सीचं (काढलेल्या भागाच्या तपासणीचं) बिल मागाहून येतं, तेही धरा. आयसीयू सोडून रोज ५,००० रुपयांच्या वरची खोली घेतली तर भाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. शिवाय आयकर कायद्यानुसार एका उपचारासाठी २ लाख किंवा जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. बँकेतून नोटा काढून आणण्याआधीच हे सांगा.

कागद वाचून दाखवा, कन्नड किंवा तेलुगू येणाऱ्या सिस्टरला जवळ उभं करून. "मामा, एक लाख दहापर्यंत जाईल, आयसीयू लागलं तर त्याच्यावर," असं. वरचा आकडा आधी. तारीख, वॉर्ड, डॉक्टरांची सही, नातेवाइकाची सही. एक प्रत फाइलला, एक त्यांच्या हातात. पैसे उभे करणारा मुलगा पुण्याला असेल तर फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर. इमर्जन्सीत मात्र कागद मागून, उपचार आधी.

मग रोज संध्याकाळी फार्मसीसकट चालू बिल बघायचं. वरच्या आकड्याच्या पाऊण हिश्श्याला पोचलं आणि डिस्चार्ज दोन दिवसांत दिसत नसेल, तर त्याच दिवशी सुधारित कागद द्या, कारणासह: "जखमेतून स्राव, अँटिबायोटिक बदललं, चार दिवस वाढले." शिफ्ट बदलताना हे राहून जातं, म्हणून एका माणसाच्या नावावर टाका.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी हा कागद चालत नाही. तिथे लेटरहेडवर आजाराचं नाव, उपचार आणि एकच रक्कम असलेलं अंदाजपत्रक लागतं, आणि खासगी रुग्णालयाचं असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनची (जिल्हा शल्यचिकित्सकांची) सही. झालेल्या खर्चाचे पैसे तिथून परत मिळत नाहीत, त्यामुळे ते पत्र ॲडमिशनच्याच दिवशी टाइप करून द्या.